चारशे अकरा तुकिमिन आणि एक होला

माफी मागण्याच्या बाबतीत मी कधीच हात आखडता घेतलेला नाही. दर ईदला सकाळची नमाज आटोपली की इस्त्रीचा बातिक सदरा आणि काळी टोपी घालून मी आमच्या गल्लीच्या एका टोकाला सुरुवात करतो आणि दुसरं टोक येईपर्यंत सदुसष्ट माणसांचे हात हातात घेऊन "आतून-बाहेरून माफी असावी" असं म्हणतो. त्यांतल्या ज्यांचं मी खरोखर काही वाकडं केलं आहे अशी माणसं फार तर चार निघतील. उरलेल्या त्रेसष्टांनी खरं म्हणजे माझी माफी मागायला हवी, आणि तेही तेच वाक्य म्हणत असल्यामुळे सगळं ठीकठाक होऊन जातं. यंदा मात्र मी चारशे अकरा माणसांची माफी मागितली. तीही तीन दिवसांत, गल्लीबाहेर पाऊल न टाकता, आणि त्यांतल्या एकालाही न ओळखता. आमच्या जावातल्या सोलो शहरात मला अजून काही लोक 'होलेवाले पाक हांदोको', म्हणजे होलेवाले हांदोकोराव, म्हणतात, म्हणून काय झालं ते एकदाचं सांगून टाकतो.

माफी मागायची होती ती एकाचीच. त्याचं नाव तुकिमिन.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी आम्ही एका वर्गात होतो. आमच्या मुख्याध्यापकांनी एक होला पाळला होता. त्या होल्याचा घुमण्याचा आवाज सोलोत नावाजलेला होता, त्यामुळे त्याच्या नावामागे 'श्रीमंत' लागायचं. मुख्याध्यापकांना आम्ही नुसतंच सर म्हणायचो. एका दुपारी श्रीमंतांना दाणे घालायची पाळी माझी होती. मी दाणे घातले आणि पिंजऱ्याचं दार लावायला विसरलो. श्रीमंत उडून गेले. नंतर पिंजऱ्यापाशी सापडला तो तुकिमिन, कारण तो रोज तिथं उभा राहून होल्याचं घुमणं ऐकायचा. चौकशी झाली. मी गप्प बसलो. तुकिमिन शाळेच्या गामेलान वाद्यवृंदाच्या पथकात ढोल वाजवायचा आणि पुढच्याच महिन्यात पथक जकार्ताला रेडिओवर वाजवायला जाणार होतं. त्याला पथकातून काढलं, ढोल माझ्या मांडीवर आला आणि जकार्ताला मी गेलो. त्यानंतर तुकिमिन शाळेत आलाच नाही. त्याचे वडील बिऱ्हाड घेऊन दुसरीकडे गेले एवढंच कळलं.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर कुस्तियाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे दर ईदला तुम्ही कोपऱ्यावरच्या बकरीचीसुद्धा माफी मागता," ती म्हणाली, "आणि ज्याची मागायची तो राहिलाच."

बकरीची माफी मी मागितलेली नाही. बकरीला धरून जो उभा होता त्याची मागितली होती. पण बायकोच्या बोलण्यातला मुद्दा बकरीचा नव्हता हे मलाही कळत होतं, आणि तेव्हापासून दर ईदला सदुसष्टावा हात सोडताना मला तुकिमिन आठवायला लागला.

यंदा आमच्या वर्गाने ईदनंतर माफीचा मेळावा घ्यायचं ठरवलं. अंगण माझं, चिटणीस मीच. भूमापन कचेरीत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं कुठलं पद देतच नाहीत. कार्यक्रमात जुन्या पथकाचं वादनही ठेवलं होतं आणि ढोल अर्थातच माझ्याकडे होता. वर्गातले सगळे सापडले. जे वारले होते त्यांचेसुद्धा नीट पत्ते मिळाले. फक्त तुकिमिन सापडेना. आमच्यात आडनाव नसतं. मी हांदोको, तो तुकिमिन, इथं नाव संपलं. अशा माणसाला मध्य जावात शोधायचं म्हणजे भाताच्या पोत्यात एक ठरावीक दाणा शोधण्यासारखं आहे.

आमच्या गल्लीत कुणाला अडचण आली की ती संध्याकाळपर्यंत सगळ्यांची होते. गल्लीप्रमुख पाक गुनार्तो म्हणाले, मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा करू. कुस्तिया म्हणाली, बसमध्ये बसा, त्याच्या आईच्या गावाला जा, चार म्हाताऱ्यांना विचारा. हा सल्ला मला फारच मागासलेला वाटला. "आजच्या काळात," मी म्हणालो, "असं बसने जाऊन कुणी कुणाला शोधत नाही." हे वाक्य मी आयुष्यात का बोललो याचा मी पुढे बराच विचार केला आहे.

कारण ते वाक्य समोरच्या बु विनार्सींनी, म्हणजे विनार्सीबाईंनी, ऐकलं. बु विनार्सी घरात घालायचे गाऊन ऑनलाइन विकतात. त्यांच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायलाही जागा नसते. सगळीकडे फुलाफुलांचे गाऊन, आणि त्यांच्या मधोमध एक संगणक दिवसभर आपला आपणच चाललेला असतो.

"अहो पाक, माणसं शोधायला माझं यंत्र आहे की!" त्या म्हणाल्या. "त्याला फक्त सांगायचं कोण हवंय. ते शोधतं, फॉलो करतं, वर आदबीने दोन ओळींचा निरोपही धाडतं. मी इकडे भात लावते, तोवर ते तिकडे दोनशे बायका गाठतं."

"मला बायका नकोत," मी घाईने म्हणालो. कुस्तिया शेजारीच उभी होती.

"तुम्हाला कोण देतंय?" कुस्तिया म्हणाली.

आधी मला खातं उघडायचं होतं. तिथं पहिला रकाना नावाचा आणि दुसरा आडनावाचा. दुसरा रकाना मोकळा ठेवला तर ते पुढेच जाऊ देईना. बु विनार्सी म्हणाल्या, सगळे करतात तसं करा, नाव दोनदा लिहा. अशा रीतीने मी हांदोको हांदोको झालो. आपलंच नाव असं लागोपाठ दोनदा वाचलं की कुणीतरी आपल्याला लांबून हाका मारतंय आणि आपण ओ देत नाही असं वाटतं.

निरोप मी स्वतः लिहिला. भूमापन कचेरीत माझ्या मसुद्यांना वरचे साहेबसुद्धा हात लावत नसत. तासभर खपून मी लिहिलं: 'आदरणीय तुकिमिन, त्या होल्याच्या बाबतीत माझ्या हातून जे घडलं, त्याबद्दल आतून-बाहेरून माफी असावी. आपला नम्र, हांदोको.' थोडक्यात, सभ्य आणि ज्याला कळायचं त्यालाच कळेल असं. बु विनार्सींनी तो यंत्रात घातला, 'कोणाला शोधायचं' या रकान्यात 'तुकिमिन' लिहिलं, एक बटण दाबलं, आणि एका नातेवाइकाच्या लग्नाला सेमारांगला निघून गेल्या. तीन दिवसांसाठी.

मी कल्पना केली होती की यंत्र आपल्या तुकिमिनला शोधील. यंत्राने सगळेच तुकिमिन शोधले.

पहिलं उत्तर दुपारच्या चहाबरोबर आलं. 'माफ केलं भाऊ. पण तुम्ही कोण?' मला बरं वाटलं. दुसरं उत्तर: 'माफ केलं. डबल एक्सएल केवढ्याला?' हे मला समजेना. तिसऱ्यात एका बाईंनी विचारलं होतं की त्यांचा नवरा तुकिमिन गाऊन कुणासाठी मागवतोय. मी आपलाच निरोप पुन्हा उघडून पाहिला. 'आपला नम्र, हांदोको' याच्या खाली, बु विनार्सींच्या यंत्राने सवयीप्रमाणे, स्वतःची एक ओळ जोडली होती: 'डबल एक्सएल मापातही उपलब्ध.'

मी समोर धावलो. दाराला कुलूप. खिडकीतून आतला संगणक दिसत होता आणि त्याच्या पडद्यावर तुकिमिनमागून तुकिमिन सरकत होते. मी बु विनार्सींना फोन लावला. मागे लग्नातला बँड वाजत होता. त्या म्हणाल्या, "काय? सापडला? अरे वा!" आणि फोन बंद झाला.

तीन दिवस मी त्या खिडकीशी आणि माझ्या फोनशी आळीपाळीने उभा होतो. माणसं किती चटकन माफ करतात हे मला त्या तीन दिवसांत कळलं, आणि त्याहून चटकन काय काय आठवून काढतात हेही. क्लातेनच्या एका तुकिमिनने लिहिलं, 'अच्छा, म्हणजे माझा होला नेणारा तू! गेली सहा वर्षं मी मेव्हण्याशी बोलत नाही.' एका निवृत्त फौजदार तुकिमिनने तारीख, वेळ आणि साक्षीदार कळवायला सांगितलं. वोनोगिरीच्या 'तुकिमिन यांचे सुप्रसिद्ध मांसगोळे' या दुकानाने अत्यंत दुखावलेल्या भाषेत कळवलं की आमच्या गोळ्यांत होला वगैरे काही नसतो, शुद्ध गोमांस असतं, हलालचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे आणि ते कुणीही येऊन पाहावं.

आणि एक उत्तर असं होतं: 'आमचे वडील तुकिमिन गेल्या पावसाळ्यात वारले. होल्याचं काय ते आम्हाला ठाऊक नाही. पण ते असते तर त्यांनी माफच केलं असतं, म्हणून त्यांच्या वतीने आम्ही भावंडांनी माफ केलं आहे. हजाराव्या दिवसाच्या प्रार्थनेला जरूर यावं.'

हे वाचून मी फोन खाली ठेवला. आपला तुकिमिनही असा कुठंतरी गेलेला असेल आणि त्याची मुलं मला त्याच्या वतीने माफ करून मोकळी होतील, ही कल्पना मला तोवर शिवलीच नव्हती. कुस्तियाने चहाचा पेला पुढे सरकवला आणि त्या दिवशी बकरीचा विषय काढला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बु विनार्सी परतल्या, यंत्र थांबवलं आणि आकडा वाचला. चारशे अकरा. त्याच दुपारी माझं खातं बंद करण्यात आलं. पडद्यावर लिहून आलं की तुमची वागणूक माणसासारखी वाटत नाही, तरी आपण हांदोको हांदोको असल्याचा सरकारी पुरावा सादर करावा.

आता मी ते सोडून देऊ शकलो असतो. पण दीडशेच्या वर उत्तरं न वाचलेली आत अडकली होती, आणि त्यांतलं एखादं माझ्या तुकिमिनचं असलं तर? एक्केचाळीस वर्षांनी त्याने उत्तर द्यावं आणि मी ते उघडूच नये हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. माझ्या ओळखपत्रावर एकच हांदोको आहे. तेव्हा 'हांदोको आणि हांदोको हांदोको या दोन्ही एकच व्यक्ती असून तसा दाखला देण्यात येत आहे' असा कागद मिळवायचा होता. सुरुवात गल्लीप्रमुखांपासून.

पाक गुनार्तोंनी चष्मा लावला. "पहिल्या हांदोकोला मी ओळखतो," ते म्हणाले. "या दुसऱ्याला मी गल्लीत कधी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्या माणसाला मी शिक्का कसा देऊ?"

"दुसरा मीच आहे."

"मग दुसऱ्यालाही घेऊन या."

माझ्या समजुतीप्रमाणे ते थट्टा करत होते. तरीही त्यांनी दोन दिवस शिक्का दिला नाही, आणि तिसऱ्या दिवशी दिला तो दोनदा उमटवून दिला, एकेका हांदोकोसाठी.

तो कागद घेऊन मी मोठ्या कचेरीत गेलो. खिडकीमागे पुर्वान्तो होता. हा पुर्वान्तो पूर्वी भूमापनात माझ्या हाताखाली होता. त्याला पेन्सिल कानावर कशी ठेवायची तेसुद्धा मी शिकवलं. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, मुलांची चौकशी केली, कागद वाचला आणि परत केला.

"सर, नावात फरक आहे."

"अरे, फरक आहे म्हणूनच तर दाखला हवाय."

"सर, तुम्हीच शिकवलंत. 'एका अक्षराचाही फरक असला तर कागद परत, मग तो माणूस आपला सख्खा बाप का असेना.'" त्याने कानावरची पेन्सिल नीट केली. "मी अजूनही तसंच करतो, सर."

मला काय वाटावं हेच समजेना. चौतीस वर्षांत मी किती माणसांना अशा खिडकीतून परत पाठवलं असेल याचा विचार करत मी बाकावर बसलो. त्यांची माफी मागायची म्हटली तर बु विनार्सींचं यंत्रही पुरलं नसतं. शेवटी दोन साक्षीदार, जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला आणि 'मी मीच आहे' अशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर पुर्वान्तोने अकराव्या दिवशी सही केली. साक्षीदारांत कुस्तिया होती. "हे तेच का?" असं विचारल्यावर तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

खातं उघडलं. उरलेली सगळी उत्तरं मी श्वास रोखून वाचली. माझा तुकिमिन त्यांत नव्हता.

मात्र त्या अकरा दिवसांत बाकीचे तुकिमिन स्वस्थ बसलेले नव्हते. यंत्राने त्यांना एका यादीत आणलं होतं, आणि आमच्याकडे एका नावाची दहा माणसं एकत्र आली की ती मंडळ काढतात. ही तर चारशे अकरा होती. 'तुकिमिन परिवार, मध्य जावा' स्थापन झाला होता. अध्यक्ष निवृत्त फौजदार तुकिमिन, खजिनदार मांसगोळेवाले तुकिमिन, आणि आश्रयदाते म्हणून बिनविरोध निवडून आलेले श्रीयुत हांदोको हांदोको. मेळाव्याची जागा: माझं अंगण. तारीख: आमच्या वर्गाच्या मेळाव्याचीच. ही तारीख त्यांना बु विनार्सींनी कळवली होती, कारण परिवाराच्या गणवेशाचं कापड त्याच पुरवणार होत्या आणि सगळ्यांचे पैसे एकाच ठिकाणी वसूल करणं त्यांना सोयीचं होतं.

"तुम्ही एवढे मोठे आश्रयदाते," बु विनार्सी म्हणाल्या, "आणि अंगणासाठी कुरकुर करता?"

त्या रविवारी सकाळी साडेआठला पहिली मिनीबस गल्लीच्या तोंडाशी अडकली. तिच्यातून तुकिमिन उतरू लागले. चारशे अकरांपैकी त्रेसष्ट आले होते. सगळे पन्नाशी-साठीचे, सगळ्यांच्या अंगात जांभळ्या जमिनीवर मोठमोठ्या पिवळ्या फुलांचे सदरे. ते कापड मी बु विनार्सींच्या पुढच्या खोलीत पाहिलं होतं. आमच्या वर्गातली बावीस माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. त्यांतल्या एकाने मला हळूच विचारलं की हे सगळे कुठल्या तुकडीतले.

कुस्तियाने तीस माणसांचा स्वयंपाक केला होता. तिने अंगणात एक नजर टाकली आणि मग माझ्यावर टाकली. ती काही बोलायच्या आत वोनोगिरीचे तुकिमिन मांसगोळ्यांची अख्खी गाडी ढकलत आत आले, उकळतं पातेलं आणि ते हलालचं प्रमाणपत्रसुद्धा. प्रमाणपत्र त्यांनी सगळ्यांत आधी मला दाखवलं. मी ते पूर्ण वाचलं आणि माफी मागितली.

जेवणाआधी माफीची रांग लागली. मी एका टोकाला उभा राहून त्रेसष्ट तुकिमिनांचे हात हातात घेतले. प्रत्येक चेहऱ्यात मी एक सतरा वर्षांचा मुलगा शोधत होतो आणि प्रत्येक जण मला परका वाटत होता. त्रेसष्टावा हात सुटला तेव्हा माझे पाय दुखत होते आणि मनातून मी पार बसलो होतो. एवढं सगळं करूनही तो नव्हताच.

तेवढ्यात फौजदार तुकिमिनांनी माइक घेतला. "पाक हांदोको," ते म्हणाले, "आम्ही त्रेसष्ट जणांनी तुम्हाला मनापासून माफ केलेलं आहे. आता नेमकं कशाबद्दल, तेवढं सांगा."

माझ्या हातात माइक आला. समोर माझा सगळा वर्ग होता, पाक गुनार्तो होते, बु विनार्सी होत्या. मुख्याध्यापकांचा होला कसा उडाला हे त्या बावीस जणांना एक्केचाळीस वर्षं ठाऊक होतं: तुकिमिनने सोडला. मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेऊ शकलो असतो. कुस्तिया स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती.

"दार मी उघडं टाकलं होतं," मी म्हणालो. मग सगळंच सांगितलं. दाणे, पिंजरा, चौकशी, माझं गप्प बसणं, ढोल, जकार्ता. बोलताना माझा आवाज कापत होता, आणि त्या माइकला तो कापराच आवाज जास्त मोठा करायची हौस होती. बोलून झाल्यावर मी खाली पाहिलं.

"एवढंच होय?" एक तुकिमिन म्हणाला. "मला वाटलं होल्याला खाल्लंत."

लोक हसले. मागच्या रांगेत मात्र एक माणूस उठून उभा राहिला. सुरकुतलेला, काटक, साध्या पांढऱ्या सदऱ्यातला; त्याने गणवेश घातलेला नव्हता. माफीच्या रांगेतही तो आला नव्हता.

"मी तुकिमिन नाही," तो म्हणाला. "लग्नात सासऱ्यांनी थोराचं नाव दिलं. तीस वर्षांहून जास्त झाली, मी मार्तोविगुनो आहे. फोनही नाही माझ्याकडे. आमच्या शेजारचा हा तुकिमिन सांगत होता, सोलोत कुणी हांदोको आहे, होल्यापायी दिसेल त्याची माफी मागतोय आणि बरोबर गाऊनही विकतोय. म्हटलं, हा आपलाच असणार. गाडीत एक जागा रिकामी होती, म्हणून आलो."

लग्नात पोक्त नाव घ्यायची जुनी चाल गावाकडे अजून आहे, हे मला ठाऊक होतं. भूमापनात असली शेकडो नावं मी स्वतः बदलून लिहिली होती. तरी मी त्या यंत्राला तुकिमिन शोधायला सांगितलं होतं.

मी गर्दीतून त्याच्यापर्यंत कसा पोचलो ते आठवत नाही. त्याचे दोन्ही हात धरले, आणि जे वाक्य मी दर वर्षी सदुसष्ट वेळा म्हणतो ते मला काही केल्या आठवेना.

"होल्याचं जाऊ दे," तो म्हणाला. "ते मी केव्हाच माफ केलं. तो उडाला तेव्हा मलाच बरं वाटलं होतं. बिचारा तारेला चोच घासायचा. पण दुसरं एक आहे."

"काय?"

"आमच्या नव्या गावात एकच रेडिओ होता, गावप्रमुखाच्या ओसरीवर. मी गावभर सांगून ठेवलं होतं, माझं पथक वाजवणार आहे, ऐकायला या. आई आली, बाबा आले, चाळीस माणसं आली. आणि दुसऱ्या आवर्तनात तू ढोलावर दोन ठोके आधी आलास." त्याचे डोळे ओले झाले होते, पण आवाज अजिबात हलला नाही. "बाबा म्हणाले, 'हाच का तो ढोल, ज्याच्यासाठी तू रडत होतास?' ते मी माफ केलेलं नाही, हांदोको. आणि नुसतं हात धरून करणारही नाही."

मी म्हणालो, "मग काय करू?"

तो अंगणाच्या कोपऱ्यात गेला. तिथं आमच्या पथकाची वाद्यं मांडलेली होती. ढोलामागे माझ्यासाठी घातलेल्या चटईवर तो बसला आणि त्याने हात फिरवला. काय वाजवलं ते मी सांगू शकत नाही; मला ते कधीच कळत नव्हतं, हीच तर तक्रार होती. एवढंच सांगतो की त्रेसष्ट तुकिमिनांनी वाट्या खाली ठेवल्या, आणि एक्केचाळीस वर्षांपूर्वी जकार्ताला कोण जायला हवं होतं याबद्दल त्या अंगणात कुणाच्याही मनात शंका उरली नाही. माझ्या तर नाहीच नाही.

जाताना तो म्हणाला, "दर गुरुवारी दुपारी ये. दुसरं आवर्तन नीट वाजवलंस की त्या दिवशी माफ."

त्याच्या गावाला बसने दोन तास लागतात. मी दर गुरुवारी बसने जातो. कुस्तियाने याबद्दल एक शब्दही काढलेला नाही. बसच्या वेळा तेवढ्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत. सोबत ती तळलेली केळी देते, ती तो माझ्याआधी संपवतो. तुकिमिन परिवाराचे आता सहाशे सभासद आहेत आणि बु विनार्सींनी पुढच्या वर्षासाठी हिरवं कापड ठरवलं आहे. माझं खातं मी बंद केलं. बंद करतानाही त्यांनी हांदोको हांदोको कोण म्हणून पुरावा मागितला. कागद जपून ठेवला होता.

आठ महिने मी दोन ठोके आधी येत होतो. मग गेल्या गुरुवारी हात कसा कोण जाणे बरोबर पडला. पहिलं आवर्तन झालं, दुसरं झालं, शेवटचा ठोका अगदी जागेवर आला. मला ते कळलं, आणि त्यालाही कळलं हे त्याच्या बोटांवरून मला दिसलं. ती मांडीवर माझ्याबरोबरच थांबली होती. बाहेर त्याच्या बायकोने कपडे वाळत घातले होते, तो तिकडे पाहत बसला.

"दोन ठोके आधी आलास," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "आधीच आलो."

"मग पुढच्या गुरुवारी."

"येतो," असं म्हणून मी केळ्यांचा रिकामा डबा उचलला आणि बस गाठली.